३८ की ४२ एमएम? आधी मनगट मोजा

मावसभाऊ दोन दिवस अडकलाय, एकच घड्याळ ३८ आणि ४२ एमएममध्ये मिळतंय, मनगटाचा घेर साडेसोळा सेंटीमीटर, घ्यायचं कुठलं.

माझ्या मते घड्याळाच्या गोलाच्या व्यासाआधी (३८, ४२ हे तेच आकडे) लग, म्हणजे पट्टा जोडायची टोकं बघ, वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी बघ. मनगट टेबलावर सपाट ठेवून वरून रुंदी मोज, समजा ५२ एमएम आली तर लग त्याच्या आत राहायला हवेत, बाहेर गेले की पट्टा हवेत लटकतो आणि घड्याळ गोल फिरत बसतं. गंमत म्हणजे सेको या जपानी कंपनीचं एसकेएक्स००७ हे घड्याळ साडेबेचाळीसचं आहे पण लग ते लग फक्त ४६, म्हणून बारीक मनगटावरही छान बसतं.

वाचायला ४२ सरळ सोपं, चार एमएमचा फरक किरकोळ वाटतो पण गोलाचं क्षेत्रफळ जवळजवळ २२ टक्क्यांनी वाढतं. दिवसभर घालायला मात्र ३८च, फुल शर्टच्या कफखाली गुपचूप सरकतं. मी मोठं वापरलंय, हात टेकून टाइप करताना क्राऊन (बाजूची किल्ली) मनगटाच्या मागे रुतून लाल खूण पडायची, शेवटी काढूनच ठेवायचो.

जाडीही बघ, १३ एमएमच्या पुढे कफ अडतोच.

रोज ऑफिसला आणि मनगटाचा घेर १७ सेंटीमीटरच्या आत असेल तर डोळे झाकून ३८ घे. मनगट साडेसतराच्या पुढे, किंवा चष्म्याशिवाय वेळ बघायची असेल, तर ४२, फक्त लग आखूड असलेलं.