अलादीन घेऊ की टिली: जुना पॅराफिन हीटर आणि त्यात घालायचं तेल

गेल्या दोन हिवाळ्यांत मी दोन जुने हीटर खोलून, घासून पुन्हा पेटते केले, एक अलादीनचा निळ्या ज्योतीचा आणि एक टिलीचा पंपवाला. तेव्हापासून थंडी पडली की इथल्या आपल्या मंडळींपैकी कुणाचा तरी फोटो येतोच, कार बूट सेलला (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात) हा दिसलाय, घेऊ का? फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकतोय. इंग्लंडात राहणाऱ्यांसाठीच आहे हे, पुण्यात बसून हा उद्योग करायची काही गरज नाही.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. इथे पॅराफिन म्हणतात ते आपलं रॉकेलच. जेम्स यंग नावाच्या स्कॉटिश माणसाने १८५० मध्ये कोळशापासून असलं तेल काढायचं पेटंट घेतलं, त्याने दिलेलं नाव ब्रिटनमध्ये चिकटलं ते चिकटलंच. पण दुकानात जाऊन केरोसीन मागितलंत तर समोरचा बहुतेक वेळा बॉयलरचं तेल समजतो, आणि तो फरक साधा नाही, खाली येतोच त्याच्यावर.

अलादीन म्हणजे आपला वातीचा स्टोव्ह आणि टिली म्हणजे आपला पंपाचा स्टोव्ह, एवढं डोक्यात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. अलादीनमध्ये गोल वात, वातीच्या मधोमध भोकाभोकांची टोपी, वर पत्र्याची उंच चिमणी आणि चिमणीला अभ्रकाची छोटी खिडकी. टोपी आणि चिमणी मिळून ज्योतीला इतकी हवा पुरवतात की ती पिवळी न जळता निळी जळते, मग काजळी नाही आणि आवाज तर अजिबात नाही. टिलीत पितळी टाकी, पंप मारून दाब द्यायचा, तेल तापलेल्या नळीतून वर चढताना त्याची वाफ होते, ती जेटमधून सुटून जाळीपाशी जळते, जाळी लालबुंद होते आणि मागची चकचकीत थाळी ती धग पुढे फेकते. म्हणून अलादीन खोली हळूहळू उबवतो आणि टिली समोर बसलेल्याला लगेच भाजतो, पाठ मात्र गारच राहते. वर सतत फुस्स आवाज. प्रायमसच्या आवाजात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना तो आवडतो, माझ्या बायकोला नाही आवडत.

तिसरा एक हमखास दिसतो तो बर्मिंगहॅमच्या व्हॅलोरचा. ग्रीनहाऊसमध्ये रोपं गारठू नयेत म्हणून ठेवायला त्याचे छोटे हीटर ठीक आहेत, खोलीसाठी मी विचार करणार नाही.

आता दुरुस्ती. अलादीनमध्ये हलणारे भाग जवळपास नाहीतच, वात वरखाली करायचा खटका सोडला तर. डोकेदुखी असते टाकीची, कारण ती बहुतेक पत्र्याची असते आणि वर्षानुवर्षं तळाशी पाणी साचून आतून गंजते. मी लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवलं, सकाळी मूठभर नट-बोल्ट टाकून खुळखुळवलं, दोनदा धुतलं आणि हेअर ड्रायर लावून पूर्ण सुकवलं. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण पाणी वातीत चढलं की वात तेल ओढत नाही, ज्योत एका बाजूला मरते आणि माणूस उगाच बर्नरला शिव्या घालतो. गंज काढल्यावर सुईएवढं भोक सापडलं तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, तो हीटर फुलदाणी म्हणून ठेवा. डाग मारून देतो म्हणणारे असतात, पण ज्या टाकीत तेलाची वाफ राहिलीय तिच्यावर ज्योत धरणं म्हणजे जिवाशी खेळ.

वात नवीनच घाला, अजून मिळतात, फक्त मॉडेलचा नंबर बघून घ्या. जुनी काढताना जरा जपून. त्या काळातल्या काही वातींत अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, त्यामुळे कोरडी घासायची नाही, ओली करून पिशवीत बांधायची आणि काउन्सिलला विचारून टाकायची. नवी वात बसवली की टाकी भरून तासभर नुसतं थांबा, तेल वरपर्यंत चढू दे. कोरडी वात पेटवलीत तर तेलाऐवजी कापूसच जळतो. आणि पेटवल्यावर लगेच मोठी करायची नाही, कारण बर्नर तापला की ज्योत आपोआप वाढते. पहिल्याच आठवड्यात मी वात वर चढवून चहा करायला गेलो, गप्पांत अडकलो, आलो तर खोलीभर काळी पिसं तरंगत होती, पडदे, सोफा, देवघरातला पांढरा कपडा, सगळ्यावर काजळी. चूक शंभर टक्के माझी. आता पंधरा मिनिटं समोरून हलत नाही, पिवळी टोकं दिसली की वात खाली.

टिलीची दुरुस्ती वेगळ्या जातीची आहे, जास्त किचकट आणि खरं सांगायचं तर जास्त मजेची. टाकी पितळेची, म्हणजे गंज नाही, चिंच आणि मीठ लावून घासली की लखलखते. पण जुनं पितळ जोडाजवळ तडकतं आणि ही टाकी दाबाखाली असते. त्यामुळे पहिलं काम पंक्चरवाल्याचं: रिकामी टाकी बंद करायची, थोडा पंप मारायचा, बादलीभर पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. झाकणातून किंवा पंपाच्या तोंडातून आले तर रबर बदलून भागतं, पत्र्यातून आले तर विषय संपला. पंप हवा धरत नव्हता तेव्हा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, तर म्हणाली, "अरे हा तर आपला स्टोव्हच की, वायसर तेलात भिजवलास का?" नव्हता भिजवला. चामड्याचा वायसर रात्रभर तेलात ठेवला, कडा बोटाने जरा पसरवल्या आणि सकाळी दहा स्ट्रोकमध्ये दाब आला!

पिन मारायची सवय असलेल्यांना एक गंमत वाटेल, बऱ्याच टिलीत पिन आतच असते, बाजूची चावी फिरवली की ती जेटमध्ये वरखाली होते. तेलाची वाफ करणारी नळी आतून कार्बनने भरली की मात्र साफ करण्यात वेळ घालवू नका, नवी घ्या. पेटवण्याआधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याचा चिमटा नळीला लावून स्पिरिट पूर्ण जळू द्यायचं, म्हणजे आपला काकडाच तो. इथे यासाठी लागणारं स्पिरिट जांभळ्या रंगाचं मिळतं. घाई केलीत, नळी नीट तापली नाही, तर वाफेऐवजी कच्चं तेल उडतं आणि भडका होतो. असं झालं तर फुंकर मारत बसू नका, झाकणाचा स्क्रू सैल करून दाब सोडा. म्हणूनच टिली मी घरात पेटवतच नाही, शेडमध्ये, दार उघडं ठेवून.

आता तेल, आणि खरा निर्णय इथेच आहे. ब्रिटिश मानकात दोन वर्ग येतात, सी१ आणि सी२. सी१ हे धुराडं नसलेल्या हीटरसाठीचं, त्यात गंधक कमी. सी२ हे घराच्या बॉयलरचं, ज्याचा धूर नळीने बाहेर जातो. गावाकडे ज्यांच्याकडे अंगणात तेलाची मोठी टाकी आहे त्यांना मोह होतो, कारण सी२ कितीतरी स्वस्त पडतं, पण ते टँकरने येतं आणि साधारण ५०० लिटरच्या खाली कोणी आणून देत नाही. शेजाऱ्याकडून कॅनभर आणून अलादीनमध्ये घातलंत तर पेटेल, नाही असं नाही, पण डोळे चुरचुरतील आणि वातीवर डांबरासारखा थर चढेल. धुराडं नसलेल्या हीटरमध्ये जे जळतं ते सगळं तुम्हीच हुंगता, हे विसरू नका.

मग उरतं बाटलीतलं सी१, चार लिटरच्या कॅनमध्ये मिळणारं. मला ते लिटरला साधारण ४ पाउंडाला पडतं. एक लिटर जाळलं की साधारण १० युनिट उष्णता मिळते, म्हणजे युनिटला ४० पेन्स. माझं विजेचं युनिट २५ ते ३० पेन्सच्या मध्ये आहे. हा हिशोब परत एकदा वाचा. अडीच किलोवॉटचा हीटर तासाला पाव लिटर पितो, म्हणजे एक पाउंड, आणि तेवढीच ऊब साधा पंख्याचा हीटर पाऊण पाउंडाच्या आत देतो. म्हणजे बिल वाचवायला कोणी हा जुना हीटर घेणार असेल तर अलादीन पण नको आणि टिली पण नको.

शिवाय एक लिटर तेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. इथल्या घरांत आधीच भिंतीला बुरशी धरते, त्यात रोज संध्याकाळी लिटरभर पाणी ओतल्यासारखं होतं. खिडकी फटीएवढी उघडी हवीच, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि झोपायच्या खोलीत तर नाहीच नाही. १९५०-६०च्या दशकात भारतातून आलेल्या लोकांनी भाड्याच्या एकेका खोलीत असल्याच हीटरवर थंडी काढली, खिडक्यांवरून पाणी ओघळायचं, आणि आगीही लागायच्या. देशभर हीटरच्या आगींचा प्रश्न इतका वाढला होता की १९६० साली तेलावरच्या हीटरसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यामुळे कोणी त्याच्याही आधीचा, फार जुना, नाव नसलेला हीटर दाखवून अँटिक आहे म्हणाला तर बघायला छान, पेटवायला नको.

तेलाच्या रंगावरून एक अवांतर. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं असायचं, म्हणून इथल्या जुन्या जाहिरातींत एसो ब्लू नावाचं पॅराफिन बघितल्यावर मला रेशनची रांगच आठवली. इथे तो निळा रंग कंपनीची ओळख होता, आणि अलादीन पिंक नावाचं गुलाबी तेल त्याचा स्पर्धक. त्यामुळे जुन्या टाकीत निळसर किंवा गुलाबी काही सापडलं तर ते कित्येक दशकांपूर्वीचं असणार, वापरू नका, काउन्सिलच्या केंद्रावर द्या. नवीन तेल निळ्या कॅनमध्येच ठेवा, पेट्रोलच्या कॅनमध्ये कधीच नाही. पेट्रोल थोडंसं जरी मिसळलं तरी हीटरचा बॉम्ब होतो. आणि तेल भरायचं ते हीटर विझवून, गार करून, घराबाहेर.

मग घ्यायचा कुणी? वीज गेली की हाताशी काहीतरी असावं, किंवा गॅरेजमध्ये दोन तास काम करताना बोटं आखडू नयेत, एवढंच हवं असेल तर डोळे झाकून अलादीन घ्या. एकदा नीट लावला की वर्षाला वात साफ करायची, बस, आणि घरातलं दुसरं कोणीही तो पेटवू शकतं. ए४० रस्त्याने पश्चिम लंडनमधल्या ग्रीनफर्डला जाताना अलादीनच्या जुन्या कारखान्याचा टॉवर अजून दिसतो, तिथून गेलो की मी गाडीत सगळ्यांना दाखवतो आणि कोणीही बघत नाही. टिली त्याने घ्यावा ज्याला रविवारी दुपारी सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून बसायला आवडतं. ऊब हवी म्हणून टिली घेणारा माणूस महिन्याभरात तो विकतो, माझ्याकडचा तसाच एकाकडून आला.

घ्यायला जाल तेव्हा टॉर्च आणि हातरुमाल सोबत ठेवा. अलादीनची टाकी उघडून आत टॉर्च मारा, तळ तपकिरी दिसला तर भाव पाडा, आणि चिमणी उचलून परत ठेवून बघा, सरळ बसत नसेल, डुगडुगत असेल तर ज्योत कधीच निळी होणार नाही. अभ्रक फुटलेलं असेल तर काळजी नको, ते मिळतं. टिलीला पंप मारून झाकणाशी कान लावा. विकणारा "काल रात्रीच पेटवला होता" म्हणाला तर नळीवरून हातरुमाल फिरवा, धूळ निघाली तर काय ते समजा.