'एटीएस पास' बायोडेट्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर असलेल्या माझ्या भाच्याने नोकरी बदलण्यासाठी आपला बायोडेटा नोकरीविषयक संकेतस्थळावर टाकला आणि काही दिवसांतच त्याला एका 'करिअर सल्लागार' बाईंचा फोन आला. त्याच्या बायोडेट्याचा 'एटीएस स्कोअर' (एटीएस म्हणजे 'अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम', कंपन्यांचे अर्ज हाताळणारे सॉफ्टवेअर) शंभरपैकी जेमतेम 31 असल्यामुळे ते सॉफ्टवेअर तो कोणी वाचण्याआधीच बाद करते, असे सांगून त्यांनी नव्वदच्या वर स्कोअर आणि मुलाखतीची हमी दिली व 2,499 रुपये यूपीआयवर घेतले. पुढे 'रिक्रूटर नोंदणी' आणि 'परत मिळणारी अनामत' अशा कारणांनी ही रक्कम 14,000 रुपयांच्या वर गेली. त्यांच्याकडून मुलाखत एकही आली नाही आणि अनामत परत मागताच फोन लागेनासा झाला.

पैसे गेले ते गेलेच. पण मला खरा संताप आहे तो त्यांनी त्याच्या हाती दिलेल्या बायोडेट्याचा. दोन रकाने, कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या आणि चौकटीत बसवलेला फोन क्रमांक असा तो देखणा कागद होता. मात्र भरतीचे सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर उपसून साध्या अक्षरांत साठवते, आणि त्या कामात अशा चौकटी व रकाने गळतात किंवा एकमेकांत मिसळतात. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या पानावर पांढऱ्या, बारीक अक्षरांत जाहिरातींतले शब्द कोंबलेले होते, आणि त्यात त्याने कधीही न मिळवलेले 'सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट' हे गुणवत्ता सुधारणेचे प्रमाणपत्रही होते. उपसलेल्या मजकुराला रंग नसतो. त्यामुळे भाच्याने स्वतः अर्ज केलेल्या पुण्यातल्या एका कंपनीच्या एचआर अधिकाऱ्यांना ती ओळ पडद्यावर स्पष्ट दिसली; त्यांनी प्रमाणपत्राची प्रत मागितली आणि एका प्रामाणिक मुलावर खोटेपणाचा ठपका बसला.

एटीएस ही मुळात आलेले अर्ज साठवण्याची, चाळण्याची आणि शोधण्याची व्यवस्था आहे. वर्कडे, ओरॅकलची टॅलिओ, ग्रीनहाउस अशा अनेक प्रणाली वापरात आहेत आणि प्रत्येक कंपनी आपापल्या गरजेप्रमाणे त्या लावून घेते. काही प्रणाली जाहिरातीशी जुळणी पाहून उमेदवारांचा क्रम लावतात, परंतु तो क्रम त्या एका जागेपुरता असतो. सगळीकडे चालेल असा एकच स्कोअर अस्तित्वातच नाही, मग बाहेरचा माणूस तो वाढवून देण्याची हमी कशी देणार? अर्ज आपोआप बाद होतो तो बहुधा फॉर्ममधल्या प्रश्नांवर, म्हणजे अनुभवाची वर्षे, नोटीस पीरियड, कामाचे ठिकाण यांच्या उत्तरांवर.

कोणी बायोडेटा बनवून दिला असेल, तर तो पाठवण्यापूर्वी पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडावा, कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये चिकटवून शांतपणे वाचावा. लपवलेली अक्षरे तिथे उघडी पडतात, तुटलेला क्रमही दिसतो, आणि काहीच आले नाही तर ती फाइल म्हणजे नुसते चित्र आहे असे समजावे. भाच्याने आता एका रकान्याचा साधा बायोडेटा केला आहे. त्यात 'पीपॅप', 'एसपीसी', '8डी' हे गुणवत्ता नियंत्रणातले शब्द आहेत, कारण ती कामे तो रोज करतो.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे व्यवहार क्रमांक, तारखा आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट लागतात, म्हणून रागाच्या भरात चॅट पुसू नये. शिवाय ही तक्रार जितकी लवकर होईल तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता अधिक. 'नोंदणी'साठी त्यांनी आधार आणि पॅनच्या प्रतीही घेतल्या होत्या. त्यामुळे त्याने आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे आणि आपल्या नावावर कोणी कर्ज काढले नाही ना, हे पाहण्यासाठी वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा क्रेडिट अहवालही मागवला आहे.