महसूलमंत्री कामठीचे, पण फेरफार पटवाऱ्याच्याच हातचा

हिवाळी अधिवेशन भरलं की नागपुरात मंत्र्यांचा मुक्काम असतो त्या रविभवनाकडं काखेत फायली घेतलेले कास्तकार दिसू लागतात. कोणाचं धुऱ्याचं (बांधाचं) भांडण, कोणाची वारसनोंद अडलेली, कोणाला वर्ग दोनची (विकायला सरकारची परवानगी लागणारी) जमीन वर्ग एक (मोकळी) करून पाहिजे. डिसेंबर २०२४ पासून महसूल खातं कामठीचे आमदार चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडं आहे आणि जिल्ह्याचं पालकमंत्रिपदही त्यांच्याचकडं, त्यामुळं नागपूरकरांची आशा जरा जास्तच. या खात्याची सेवा गिऱ्हाईक म्हणून कशी आहे, त्याचा हा अभिप्राय. आधीच सांगून टाकायचं तर पंधरा रुपयांचा सातबारा उत्तम, फेरफार (सातबारावरच्या बदलाची नोंद) बरा, मोजणी महाग, आणि मंत्र्यांना दिलेलं निवेदन म्हणजे बहुतेक वेळा चुकीच्या खिडकीवरचा अर्ज.

निवेदनाचं असं होतं. त्यावर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा पडतो. कागद जिल्हाधिकारी कार्यालयात येतो, तिथून उपविभागीय अधिकारी, तिथून तहसील, आणि फिरून त्याच पटवाऱ्याच्या टेबलावर (कागदोपत्री तो आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला, गावात पटवारीच). शेऱ्यातला ‘नियमानुसार’ हा शब्द नीट वाचावा. जे नियमात बसत नव्हतं, ते शेऱ्यानंही बसत नाही. तोटा वेगळाच आहे. निवेदन फिरत असताना अपिलाची मुदत थांबत नाही. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याच्या आदेशावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ६० दिवसांत अपील लागतं. जिल्हाधिकारी किंवा वरच्यांच्या आदेशावर ९० दिवसांत. म्हणून आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकावा, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. आणि नुसतं अपील दाखल केलं म्हणजे आदेश थांबला असं समजू नये. स्थगितीचा अर्ज वेगळा, त्याच दिवशी. बहुतेक जण इथंच मार खातात: अपील चालू असतं आणि तिकडं फेरफार प्रमाणित होऊन जमीन तिसऱ्याला विकलेली असते.

मंत्र्यांचा खरा अधिकार दोन जागी आहे. एक, धोरण. दोन, संहितेच्या कलम २५७ खालचं पुनरीक्षण, जिथं शासनाच्या वतीनं मंत्री स्वतः न्यायाधीशासारखे बसतात. दोन्ही बाजूंना नोटीस जाते, वकील बोलतात, कारणांसह आदेश होतो. तिथं खालच्या आदेशातली बेकायदेशीर गोष्ट दाखवावी लागते. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर भागत नाही. मालकी कोणाची, हा प्रश्न तर मंत्र्यांच्याही हाती नाही. सातबारावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते इतकंच. मालकी ठरवायची तर दिवाणी न्यायालय. मंत्र्यांचा आदेश पटला नाही तर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहेच. सुनावणी बहुधा मंत्रालयात लागते, म्हणजे मुंबईचं भाडं आणि वकिलाची फी धरून चाला.

आता रोजच्या सेवांकडं. महाभूमी या सरकारी पोर्टलवरचा डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो, डिजिटल सहीसह. वर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो, तो टाकून बँकेला खरंखोटं तपासता येतं. पैसे कटले आणि कागद उतरला नाही तर घाबरू नका, खात्याच्या व्यवहार नोंदीतून तो पुन्हा उतरवता येतो. ‘भूलेख’वरचा फुकट उतारा फक्त बघण्यापुरता. आपल्याकडं लोक ‘खसरा नंबर’ (शेताचा क्रमांक) आणि ‘प.ह.नं.’ (पटवारी हलका नंबर) म्हणतात, पोर्टलवर मात्र ‘गट/सर्व्हे क्रमांक’ असा रकाना येतो. खसराच तिथं टाकायचा, आधी मूळ आकडा आणि मग यादीतून उपविभाग. मौजा निवडताना तालुका नागपूर शहर की नागपूर ग्रामीण, हे आधी पक्कं करा. कागद हाती आला की नावाआधी तीन गोष्टी बघा: भूधारणा पद्धत वर्ग एक की दोन, इतर हक्कांत कोणाचा बोजा (कर्ज) किंवा शेरा आहे का, आणि प्रलंबित फेरफार. विसार देण्याआधी प्रलंबित फेरफाराची ओळ न वाचणारे अजूनही पुष्कळ आहेत.

फेरफार स्वतः काही अवघड नाही. नोंदणीकृत खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून ऑनलाइनच येते, पटवारी नोंद घालतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. वारसनोंद, बोजा चढवणं-उतरवणं यासाठी ‘ई-हक्क’ या पोर्टलवर घरूनच अर्ज करता येतो. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा फुकट दिसतात. ज्यांची जमीन गावाकडं आणि राहणं नागपुरात, त्यांनी महिन्यातून दोनदा तिथं नजर टाकावी. पंधरा दिवसांची मुदत नोटीस घरी पोचायची वाट बघत नाही.

२०२५ ची ‘जिवंत सातबारा’ मोहीम आम्हाला या कारकिर्दीतलं सगळ्यात उपयोगी काम वाटतं. मयत खातेदारांची नावं उतरवून वारस लावायचं हे काम आधी बुलढाण्यात सुरू झालं, १ एप्रिलपासून राज्यभर. ज्यांचं त्यात राहिलं, त्यांनी नेहमीच्या वाटेनं जावं: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-वय-पत्ते, नातं सांगणारं शपथपत्र. घोळ एकाच जागी होतो. लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळली जातात. मग एखादी बहीण हरकत घेते, प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि तहसीलदारापुढं तारखा सुरू होतात. सगळी नावं आधी लावा. कोणाला हक्क सोडायचा असेल तर त्यानंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. वाटणीचं भांडण नसेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारच वाटप करून देतो. शेतजमिनीच्या अशा वाटणीपत्राची नोंदणी फी मे २०२५ मध्ये माफ झाली.

नागपूरची जमीन मात्र पुस्तकातल्यासारखी सरळ नाही. इथं मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) होती, ती १९५१ मध्ये गेली. कुळकायदाही वेगळा: विदर्भाला १९५८ चा अधिनियम लागू आहे, १९४८ चा मुंबईचा नाही. पुण्याकडचा व्हिडिओ बघून ‘३२-ग’ची (१९४८ च्या कायद्यातल्या कलमाची) कागदपत्रं शोधत बसू नये, आपल्याकडं कलमांचे आकडेच निराळे. शहरातले कित्येक जुने भूखंड नझूलचे, म्हणजे शासनाचा भाडेपट्टा. त्याचा सातबारा नाही, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नगर भूमापनाकडं. रामटेक-पारशिवनीकडं आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकारी आणि शासन दोघांची मंजुरी लागते. कुळमुखत्यारावर केलेला असा सौदा पुढं फार महागात पडतो. उताऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असेल तर थांबाच. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाला वनजमीनच मानलं आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीची वाटपं नियमित करायची वाट केंद्राच्या मंजुरीतून ठेवली. तिथं राज्याच्या मंत्र्याचा शेरा काय करणार? अनधिकृत लेआउटमधल्या प्लॉटच्या ‘आरएल’साठीही (नियमितीकरण पत्रासाठीही) महसुलात जाऊ नका, ते काम नियोजन प्राधिकरणाचं, खातं नगरविकास.

मोजणीची फी डिसेंबर २०२४ पासून वाढली. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत साधी मोजणी २,००० रुपये, द्रुतगती ८,०००. चौपट पैसे मोजून लवकरची तारीख मिळते, पण त्या दिवशी शेतात तुरी-कपाशी छातीएवढी उभी असेल तर मोजणारा परत जातो. फेब्रुवारी ते मे ही खरी वेळ, अर्ज त्या हिशेबानं करा. लगतच्या धारकांची नावं आणि पत्ते अचूक द्या, नाहीतर नोटीस मिळाली नाही म्हणून शेजारी सगळी मोजणीच उडवायला बघतो. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड गाडून फोटो काढून ठेवा.

पांदण (शेतात जायच्या) रस्त्यासाठी दोन वेगळे अर्ज आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल आणि धुऱ्यावरून नव्यानं पाहिजे असेल तर संहितेचं कलम १४३. पुरावा म्हणून गावनकाशा सगळेच जोडतात. विदर्भात त्याच्या जोडीला निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन जुनी दप्तरं आहेत, गावाच्या वहिवाटी त्यांत लिहिलेल्या असतात. अभिलेख कक्षातून त्यांच्या नकला काढा. समोरचा वकील बहुधा त्या घेऊन आलेला नसतो. आदेश आपल्या बाजूनं झाला तरी त्यात ‘इतर हक्कांत रस्त्याची नोंद घ्यावी’ हे वाक्य आहे का, ते तहसीलमधून निघण्याआधी बघा. ते नसेल तर शेत विकलं गेल्यावर नवा मालक पहिल्याच पेरणीला रस्ता नांगरून टाकतो.