घटस्फोटासाठी घराचं व्हॅल्युएशन: सात महिन्यांनंतरचा अनुभव

वारज्यातला आमचा टू बीएचके दोघांच्या नावावर आहे. संमतीने घटस्फोटाचा अर्ज लावताना ठरलं, घर मी ठेवायचं आणि बाजारभावातून कर्जाची बाकी १२ लाख वजा करून उरेल त्याचा निम्मा हिस्सा नवऱ्याला द्यायचा. शासनमान्य व्हॅल्युअर लावला. फी ६,००० रुपये, आगाऊ.

रिपोर्ट देखणा आला. स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो, गोल शिक्का. किंमत १ कोटी १७ लाख ६० हजार. म्हणजे मी द्यायचे ५२ लाख ८० हजार. त्या रात्री मला झोप लागली नाही.

महिनाभर मी दरावरून भांडले. चौरस फुटाला १२,००० कसे? रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, पाहिला, शेजारच्या सोसायट्यांमधले व्यवहार काढले. दर बरोबरच निघाला. त्यानेच व्हॅल्युअरला आकडा फुगवायला सांगितलं असेल, असंही मला वाटत होतं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी काका कागद बघून म्हणाले, "अगं, हे ९८० फूट कुठून आलं? एवढं घर आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाचंच नाही."

९८० हा बिल्डरच्या २०११ च्या माहितीपत्रकातला सेलेबल एरिया. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं धरलेलं. करारनाम्यात आणि इंडेक्स टूमध्ये (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ६४.१० चौरस मीटर, म्हणजे ६९० चौरस फूट. १२,००० हा दर कार्पेटचा, आणि तो लावला सेलेबलला! ६९० ला लावला की ८२ लाख ८० हजार होतात. माझ्या वाट्यात १७ लाख ४० हजारांचा फरक. माझा चार वर्षांचा पगार आहे तो.

हे झालं कारण त्या गृहस्थांनी टेप काढलाच नाही. हॉलमध्ये चहा घेतला, बेडरूमचा फोटो दारातूनच काढला. खिडकीखालची ओल त्यांना दिसली नाही, रिपोर्टमध्ये तिचा उल्लेखही नाही. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, माहितीपत्रक तुम्हीच दिलंत." दिलं होतं, पण करारनामाही त्याच फाइलमध्ये होता.

दुसऱ्या व्हॅल्युअर बाई आल्या त्या टेप हातात घेऊनच. ९,००० फी ऐकून जीव वर आला होता. पण त्यांनी लोखंडी कपाट सरकवायला लावलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरला, एक टोक माझ्या हातात दिलं. ड्राय बाल्कनी वेगळी लिहिली, ओलीवर बोट दाबून फोटो घेतला. माप करारनाम्याशी जुळलं. रिपोर्टला मात्र तीन आठवडे लागले, त्याचा मनस्ताप झाला.

मापाचा कागद त्याला पाठवला तर त्याने लगेच मान्य केलं. म्हणाला, "मीही ९८० च धरून चाललो होतो." माझा संशय चुकीचा होता, तसं मी त्याला सांगितलंही.

आता संमतीच्या अटींमध्ये दुसऱ्या रिपोर्टचा आकडा आणि तारीख दोन्ही घातलंय. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागलं, तेवढ्यात भाव हलला तर पुन्हा वाद नको.

तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर करारनामा, इंडेक्स टू आणि कर्जाच्या बाकीचं बँकेचं पत्र एवढंच हातात द्या. माहितीपत्रक कपाटातच राहू दे. आणि प्रत्येक खोलीत टेप लागेपर्यंत पूर्ण फी देऊ नका.

माझे पहिले ६,००० अजून परत आलेले नाहीत. दर सोमवारी फोन करते.