स्क्रिव्हेनर : आराखडा न करणाऱ्या कादंबरीकारासाठी

कादंबरीलेखनासाठी खास तयार केलेले सॉफ्टवेअर म्हटले की ते आखीव-रेखीव काम करणाऱ्यांसाठीच असणार, अशी समजूत आधीच करून घेतली जाते. शेवटच्या प्रकरणात काय होणार हे ज्याला पहिले प्रकरण लिहिताना ठाऊक नसते, त्याला अशा सरंजामाचा काय उपयोग, असा प्रश्न ‘स्क्रिव्हेनर’चा विषय निघाला की हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, कारण या सॉफ्टवेअरचा सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे त्यातला कॉर्कबोर्ड (पडद्यावरचा कार्डे टाचायचा फळा), आणि टाचलेली कार्डे दिसली की आराखडा आलाच असे आपण धरून चालतो. दोन खर्डे त्यावर पार पाडल्यानंतर माझे मत मात्र वेगळे झाले आहे. काटेकोर आखणी करणाऱ्याला स्क्रिव्हेनर उपयोगी पडते, पण त्याची खरी किंमत कळते ती सुचेल तसे लिहीत जाणाऱ्याला, आणि तीही पहिला खर्डा हातावेगळा झाल्यानंतर.

हे सॉफ्टवेअर ‘लिटरेचर अँड लाते’ या छोट्या ब्रिटिश कंपनीचे आहे. कीथ ब्लाउंट यांना स्वतः कादंबरी लिहायची होती आणि बाजारातले एकही साधन मनासारखे वाटेना, म्हणून त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकून ते तयार केले. मॅकसाठीची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली, विंडोजसाठी २०११ मध्ये, आणि आयफोन व आयपॅडसाठी २०१६ मध्ये. सोबतच्या मार्गदर्शिकेत ब्रिटिश कादंबरीकार हिलरी मँटेल यांच्या एका लेखाचा आधार घेतला आहे. मँटेल कादंबरी लिहीत नसत, ती वाढवीत असत: सुचलेला प्रसंग, एखादे वाक्य, एखादा चेहरा कार्डावर उतरवायचा, कार्डे कोणत्याही क्रमाविना फळ्यावर टाचायची, हळूहळू एकेका कार्डाभोवती मजकूर जमू द्यायचा आणि क्रमाचा विचार अगदी शेवटी करायचा. ज्या कॉर्कबोर्डला आपण आराखड्याची खूण समजतो, त्याच्या मुळाशी आराखडा पुढे ढकलण्याची ही पद्धत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सगळे सोपे होते.

रचना थोडक्यात अशी. पडद्याच्या डाव्या बाजूला ‘बाइंडर’ असतो आणि त्यात कादंबरीचे प्रसंग स्वतंत्र तुकड्यांच्या रूपात उतरंडीने दिसतात. प्रत्येक तुकड्याला एक कार्ड जोडलेले असते व त्यावर दोन-चार ओळींचा गोषवारा लिहिता येतो. तुकडे एकेकटे वाचता येतात, सलग एका मजकुरासारखे वाचता येतात, कार्डांच्या रूपात फळ्यावर पाहता येतात किंवा तक्त्याच्या ओळींत मांडता येतात. बाइंडरमध्ये तुकडा ओढून दुसरीकडे नेला की चारही ठिकाणी क्रम बदलतो. संशोधनाची टिपणे, छायाचित्रे, जुनी कात्रणे ठेवायला वेगळा कप्पा असतो आणि पडदा दुभागून एका बाजूला कात्रण, दुसऱ्या बाजूला प्रसंग असे काम करता येते.

लेखकांची ‘वास्तुविशारद’ (आधी आराखडा करणारे) आणि ‘माळी’ (लिहीत लिहीत वाढवणारे) अशी जी विभागणी कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी केली, ती चर्चेला बरी आहे. टेबलावर ती फारशी टिकत नाही. विल्यम फॉकनर यांच्या शैलीत आखणीचा वास येत नाही, पण मिसिसिपीतील ऑक्सफर्ड या गावी त्यांच्या ‘रोअन ओक’ या घरात अभ्यासिकेच्या भिंतीवर १९५४ च्या ‘अ फेबल’चा आराखडा त्यांच्या हस्ताक्षरात, वारांच्या नावांनिशी, आजही पाहायला मिळतो. नाबोकोव्ह कार्डांवर लिहीत, मात्र क्रमाने लिहीत नसत. त्यांच्या मृत्यूनंतर २००९ मध्ये छापली गेलेली अपूर्ण कादंबरी १३८ कार्डांच्या रूपातच शिल्लक राहिली होती. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः लिहिली, तेव्हा मागची प्रकरणे छापून वाचकांच्या हाती गेलेली असत आणि ‘दुसरा खर्डा’ ही चैन परवडणारी नव्हती. आज ती चैन आपल्याला आहे, आणि स्क्रिव्हेनरची परीक्षा तिथेच घ्यायला हवी.

माझा पहिला खर्डा वर्डच्या एकाच लांबलचक फाइलमध्ये होता, आराखड्याशिवाय लिहिलेला. प्रसंग बदलतो तिथे एक ठरावीक चिन्ह टाकून ती फाइल आत घेतली की स्क्रिव्हेनर त्या चिन्हांवर तुकडे पाडून देते. राहिलेले तुकडे मजकुराच्या मधोमध कर्सर ठेवूनही पाडता येतात. त्यानंतर मी प्रत्येक कार्डावर एकच वाक्य लिहिले: या प्रसंगात कोण काय करतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि यंत्राने करावे असे नाही. कार्डे फळ्यावर एकत्र पाहिली तेव्हा मधल्या भागात ओळीने सगळ्या कार्डांवर ‘आठवते’ हे एकच क्रियापद होते. ‘जाते’, ‘नाकारते’, ‘विकते’ यांचा पत्ता नव्हता. वर्डमध्ये ती पाने वाचताना ओघ चांगला वाटत होता, कारण वाक्ये चांगली होती. फळ्यावर वाक्ये दिसत नाहीत, फक्त घडणे दिसते. आठवणींचे ते तुकडे वेगवेगळ्या प्रकरणांत नेऊन पाहणे, मग पुन्हा मूळ जागी आणणे, हे कापणे-चिकटवणे न करता होत असल्यामुळे हवे तितके प्रयोग करण्याचे धाडस होते. आराखडा असा लिहिलेल्या मजकुरातून मागाहून काढता येतो, आणि माझ्या मते तोच जास्त विश्वासू असतो.

एकाहून अधिक निवेदक असलेल्या कादंबरीसाठी रंगीत लेबलांची सोय विशेष उपयोगाची आहे. ‘मृत्युंजय’सारखी (१९६७) रचना डोळ्यांसमोर आणा: नऊ भाग, आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण असे सहा निवेदक. अशा कादंबरीत प्रत्येक निवेदकाला एक रंग दिला, की कोणाचा आवाज कुठे सलग येतो आणि कोण बराच काळ गप्प आहे हे एका नजरेत कळते. स्क्रिव्हेनरच्या तिसऱ्या आवृत्तीत तर लेबलांनुसार कार्डे समांतर रेषांवर मांडता येतात. एका निवेदकाचे सारे तुकडे वेगळे काढून सलग वाचले, की त्याची बोली मध्येच कुठे लेखकाची बोली झाली आहे तेही कानाला लागते.

पुनर्लेखनातली दुसरी भिस्त म्हणजे ‘स्नॅपशॉट’. प्रसंग मोडण्याआधी त्याची प्रत तिथल्या तिथे जतन होते, नवे-जुने रूप ताडून पाहता येते आणि पश्चात्ताप झाल्यास जुने परत आणता येते. ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम खरी’ अशा नावांच्या फाइलींचा संसार ज्यांनी केला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आखणी आधीच करणाऱ्यांना मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. कार्डांचे रंग, स्थितीदर्शक शिक्के, पात्रांचे तक्ते, शब्दसंख्येची लक्ष्ये हे सारे इतके हाताशी आहे की दिवसभर कादंबरीवर काम केल्याचे समाधान मिळते आणि एक परिच्छेदही लिहून होत नाही. दोष सॉफ्टवेअरचा म्हणता येणार नाही, पण त्याची मांडणी या मोहाला खतपाणी घालते हे खरे.

आता मराठीचा प्रश्न. युनिकोड देवनागरी टंकलेखन, शोध आणि तुकड्यांची शीर्षके यांत अडचण येत नाही. सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत नाहीत, पण त्यामुळे काम अडत नाही. अडते ते ‘कंपाइल’पाशी, म्हणजे तुकडे जोडून एकसंध प्रत काढण्याच्या टप्प्यावर. तयार साच्यांत प्रकरणांचे क्रमांक इंग्रजी शब्दांत आपोआप उमटतात आणि फाँटही रोमन लिपीचे योजलेले असतात. त्यामुळे साच्याची प्रत करून घ्यावी, शीर्षकाआधीचा स्वयंचलित मजकूर काढून टाकावा, ‘प्रकरण पहिले’ असे बाइंडरमध्येच लिहावे आणि देवनागरी फाँट स्वतः नेमून द्यावा. हे एकदाच करावे लागते, पण त्यासाठी लागणारा संयम या सॉफ्टवेअरच्या इतर कोणत्याही भागाला लागत नाही. शिवाय पुष्कळ मराठी प्रकाशकांकडची अक्षरजुळणी आजही युनिकोडपूर्व फाँटांत चालते, तेव्हा कंपाइल केलेल्या वर्ड फाइलचे पुढे रूपांतर होणार आणि त्यात काही जोडाक्षरे बिघडणार, हे गृहीत धरून मुद्रितशोधनाला वेळ ठेवावा.

संपादकाबरोबर एकाच वेळी एकाच मजकुरावर काम करण्याची सोय नाही. त्यासाठी वर्ड किंवा गूगल डॉक्सकडे वळावेच लागते. अँड्रॉइडसाठी आवृत्ती नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक लेखक अँड्रॉइड फोन वापरतात हे पाहता ही उणीव मोठी आहे. एक स्क्रिव्हेनर प्रकल्प म्हणजे प्रत्यक्षात असंख्य लहान फाइलींचे फोल्डर असते, म्हणून चालू प्रकल्प गूगल ड्राइव्हवर ठेवू नये असे कंपनीच सांगते. आयपॅडशी जोडणी ड्रॉपबॉक्समार्फत होते. दर आठवड्याला संपूर्ण प्रकल्पाची झिप प्रत दुसरीकडे ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

किंमत साधारण ६० डॉलर असून ती एकदाच भरायची असते, वर्गणी नाही. मॅक आणि विंडोज यांचे परवाने मात्र वेगवेगळे आहेत. विनामूल्य चाचणी तीस दिवसांची आहे आणि त्यात ज्या दिवशी सॉफ्टवेअर उघडले तेवढेच दिवस मोजले जातात, म्हणजे आठवड्यातून दोनदा बसणाऱ्याला ती पंधरा आठवडे पुरते. ही चाचणी नव्या कादंबरीच्या पहिल्या पानावर खर्च करू नये. एखादा पूर्ण झालेला, पण मनासारखा न उतरलेला खर्डा आत घ्यावा, त्याची कार्डे लिहावीत, आणि चाचणी संपण्याआधी एक प्रकरण कंपाइल करून आपल्या अक्षरजुळणीकाराकडे पाठवून पाहावे. तिकडून प्रकरण धडपणे परत आले तरच पैसे भरावेत.