गवती चहाचं तेल: बाटली घ्या, पण लेबलवरचं प्रमाण विसरा

बाजारात १५ मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटलीत जे गवती चहाचं तेल मिळतं, ते घर सुगंधी करायला आणि फरशी पुसायला पैसे वसूल माल आहे. अंगाला लावण्यासाठी मात्र जपूनच घ्यावं.

घेताना लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव शोधा. 'सिम्बोपोगॉन फ्लेक्स्युओसस' म्हणजे व्यापारात कोचीनच्या नावाने ओळखलं जाणारं केरळी तेल. 'सिम्बोपोगॉन सिट्रेटस' ही गवती चहाचीच दुसरी जात. तिच्या तेलात मायर्सिन हा घटक जास्त असल्याने ते जुनं झालं की अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' किंवा 'लेमनग्रास सुगंध' लिहिलं असेल तर बाटली परत ठेवा. घरी तपासायचं तर कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. फिकट पिवळा डाग राहिला तर हरकत नाही, पण तेलकट, पारदर्शक डाग राहिला तर स्वस्त खाद्यतेल मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. कृत्रिम सिट्राल (तेलाला लिंबासारखा वास देणारा घटक) मिसळलं असेल तर ते मात्र या चाचणीत सापडत नाही.

तेलाचा सगळा जोर सिट्रालमध्ये असतो, साधारण ७० ते ८५ टक्के. लिंबासारखा वास त्याचाच आणि त्वचेची ॲलर्जीही त्याचीच. म्हणून बऱ्याच बाटल्यांवर छापलेलं '३० मिली खोबरेल तेलात १० थेंब' हे प्रमाण जास्त आहे. २० थेंबांचा १ मिली धरला तर ते दीड टक्क्याच्या वर जातं. सुरक्षित मर्यादा ०.७ टक्क्याच्या आसपास मानतात, म्हणजे ३० मिलीत ३-४ थेंब. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबून. गरोदर बायका, लहान मुलं आणि संवेदनशील त्वचा असलेल्यांनी लावूच नये. पोटात घेणं तर नाहीच. चहात टाकायला पात आहे की!

फरशीसाठी बादलीत थेट थेंब टाकले तर ते वर तरंगतात आणि एकाच ठिकाणी चिकट डाग पडतो. आधी चमचाभर लिक्विड सोपमध्ये १० थेंब घोळवा, मग ५ लिटर पाण्यात ओता. डिफ्यूझरमध्ये (सुगंध हवेत पसरवणारं यंत्र) १०० मिली पाण्याला ३-४ थेंब आणि अर्धा तास एवढं पुरे. घरात मांजर किंवा दम्याचा रुग्ण असेल तर डिफ्यूझर लावूच नका.

डासांसाठी म्हणून घेत असाल तर थोडं निराश व्हाल. तेल उडून जातं आणि परिणाम फार काळ टिकत नाही. डासांसाठी विकलं जाणारं सिट्रोनेला हे याच कुळातल्या दुसऱ्या गवताचं तेल, ते वेगळं, दुकानदार मात्र कधीकधी दोन्ही एकच म्हणून देतात.

रबरी फुग्याचा ड्रॉपर लावून बाटली ठेवू नका, रबर फुगून चिकट होतं. प्लास्टिकच्या डबीतही भरू नका. बाटली अर्धी झाली की उरलेलं तेल छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, कारण हवेने सिट्राल खराब होतं. घट्ट झालेलं, आंबूस वास येणारं तेल त्वचेला जास्त त्रास देतं. ते फरशीच्या बादलीत संपवा.