हाय-गेन ट्यूब अॅम्पपुढे काय लावावं: ट्यूब स्क्रीमर, एसडी-१ की क्लीन बूस्ट?

पीव्ही ५१५०, मेसा ड्युअल रेक्टिफायर किंवा मार्शल डीएसएलसारखा अॅम्प असला की गेनची, म्हणजे सिग्नल वाढवून आवाज फाडण्याच्या ताकदीची, टंचाई नसते. तक्रारी असतात त्या दोन. पहिली: सहाव्या तारेवर पाम म्यूट केलं (तळहाताच्या कडेने तार हलकी दाबून वाजवली) की आवाज पसरतो आणि वेगवान रिफमधले (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांमधले) सूर एकमेकांत मिसळतात. दुसरी: सोलो आला की गिटार बँडच्या वर येत नाही. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. तुमची तक्रार कोणती हे आधी ठरवा, नाहीतर पेडल येईल आणि तक्रार जागच्या जागी राहील. ट्यूब स्क्रीमर आणि एसडी-१ ही ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे सिग्नल वाढवताना तो थोडा फाडतात; क्लीन बूस्ट तो न फाडता नुसता वाढवतो. इफेक्ट्स लूप म्हणजे अॅम्पमधला प्रीअॅम्प (गेनचा भाग) आणि पॉवर अॅम्प यांच्यामध्ये पेडल जोडायची जागा, तिचे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक.

| | ट्यूब स्क्रीमर / एसडी-१ | क्लीन बूस्ट |
|---|---|---|
| खर्ज | उरलेल्या आवाजाच्या तुलनेत मागे पडतो | तेवढाच वाढतो |
| मिड | पुढे येतात | जसेच्या तसे |
| योग्य जागा | अॅम्पच्या इनपुटआधी | बहुतेक वेळा इफेक्ट्स लूपमध्ये |
| कशासाठी | घट्ट रिफ | सोलोचा आवाज |

ट्यूब स्क्रीमर नेमकं काय करतं

इबानेझचं टीएस८०८ १९७९चं, टीएस९ १९८२चं. दोघांचं सर्किट जवळपास एकच, मुख्य फरक आउटपुटच्या दोन रेझिस्टरचा. क्लिपिंगच्या (सिग्नलची टोकं कापून आवाज फाडण्याच्या) टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी बसवलेली असते. तिच्यामुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली पेडलचा गेन उतरत जातो. मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झला वाजते, ड्रॉप बी ट्यूनिंगमध्ये (ती बीपर्यंत उतरवली की) ६२ला. तिथे पेडल जवळपास काहीच वाढवत नाही. मिड मात्र दणकून वाढतात.

हे अॅम्पच्या बेस नॉबनेही होईल असं वाटतं, पण होत नाही. ५१५०, रेक्टिफायर आणि मार्शलच्या बहुतेक अॅम्पमध्ये टोनचे नॉब गेनच्या टप्प्यांनंतर येतात. आवाज गढूळ होतो तो त्याआधीच, कारण जाड खर्ज पुढच्या ट्यूबना सतत ओव्हरलोड करत राहतो. नंतर बेस कमी केला तर वजन जातं, गढूळपणा तसाच राहतो. पेडल खर्ज आधीच मागे ठेवतं आणि वजन नंतर बेस किंवा रेझोनन्सच्या (पॉवर अॅम्पमधला खर्ज वाढवणाऱ्या) नॉबने परत भरता येतं. हाय-गेन अॅम्पपुढे ओव्हरड्राइव्ह लावण्याचं खरं कारण हेच. जास्त डिस्टॉर्शन मिळवणं हा हेतूच नाही.

म्हणून सेटिंगही नेहमीपेक्षा उलटं: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पाऊण ते पूर्ण, टोन मध्यावर. अॅम्पचा गेन ७ वर असेल तर ४-५ वर आणा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग पेडल नुसतं खरखरतं म्हणतात. सहाव्या तारेवर पाम म्यूट करत राहा आणि टोन हळूहळू वाढवा. पिकचा टक्का स्पष्ट ऐकू आला की थांबा, त्यापुढे गेलात तर वरचे सूर कानाला टोचतात. बेस आणि रेझोनन्सला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

ड्राइव्ह शून्यावर म्हणजे स्वच्छ, असंही समजू नका. फीडबॅकमध्ये ५१ किलोओहम कायम असतात, म्हणून ७२० हर्ट्झच्या बऱ्याच वर गेन बारापटीच्या आसपास राहतो. जोरकस हंबकर पिकअपने डायोड थोडे क्लिप होतातच. त्याने पिकचा हल्ला जरा दाबला जातो आणि रिफला एकसारखेपणा येतो. मेटलमध्ये हे हवंच असतं. हलक्या-जड हाताचा फरक जपणाऱ्या वादकाला मात्र ते खटकेल.

एसडी-१ आणि इतर

बॉसचं एसडी-१ १९८१चं. त्याचं क्लिपिंग असमान आहे, एका बाजूला दोन डायोड, दुसऱ्या बाजूला एक. ड्राइव्ह चढवला की फरक ऐकू येतो. ड्राइव्ह शून्यावर ठेवून अॅम्पला ढकलायचं असेल तर तो इतका कमी होतो, की खिशाला परवडेल ते घ्यावं. जुन्या चिपसाठी किंवा दुर्मीळ टीएस८०८साठी जास्त पैसे मोजणं या वापरात वाया जातं. सात-आठ तारांचं गिटार किंवा फार खाली ट्यूनिंग असेल, तर हॉरायझन डिव्हाइसेसचं प्रिसिजन ड्राइव्ह बघावं. खर्ज किती कापायचा हे त्याच्या अटॅक नॉबवर निवडता येतं आणि नॉइज गेट (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं सर्किट) आतच आहे.

क्लीन बूस्ट: पुढे की लूपमध्ये?

एमएक्सआर मायक्रो अॅम्प या क्लीन बूस्ट पेडलला एकच नॉब, त्यावर २६ डेसिबेलपर्यंत वाढ, म्हणजे सिग्नल वीसपट. हे भरलेल्या गेनच्या अॅम्पपुढे लावलं तर खर्जही तितकाच आत ढकलला जातो. ट्यूबच्या ग्रिडमधून करंट वाहू लागतो, आधीचा कपॅसिटर चार्ज होतो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो. तेवढा वेळ सूर घुसमटतो, मग फरफरत परत येतो. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. शिवाय सोलोचा आवाज वाढतच नाही, कारण प्रीअॅम्प आधीच भरलेला असतो. वाढतात ते सस्टेन (सूर टिकणं), कम्प्रेशन (हलक्या-जोरकस आवाजातला फरक कमी होणं) आणि हिस्स (सुस्कारा).

अॅम्पचा गेन मुळातच मर्यादित असेल तर गोष्ट वेगळी. मार्शल जेसीएम८०० २२०३ आणि सिंगल कॉइल पिकअपचं गिटार या जोडीला पुढे लावलेला क्लीन बूस्ट शोभतो. तिथे नॉब पाव ते अर्धा पुरतो. २२०३ला मूळ रचनेत इफेक्ट्स लूप नाही, त्यामुळे सोलोचा आवाज वाढवायला असला बूस्ट तिथे फार कामाचा नाही.

लूप असेल तर बूस्ट तिथेच लावा. डिस्टॉर्शन आधी तयार होऊन येतं, बूस्ट फक्त आवाज वाढवतो. सोलोला ३ ते ६ डेसिबेल पुरे. दोन गोष्टी तपासा. मास्टर व्हॉल्यूम इतका वर नको, की पॉवर ट्यूब आधीच दाबल्या गेल्या असतील, नाहीतर नॉब फिरवूनही आवाज चढणार नाही. आणि लूपची सेंड लेव्हल जास्त असेल तर ९ व्होल्टवरचं पेडल स्वतःच फाटतं. सेंड लेव्हलचा नॉब किंवा स्विच असेल तर कमी करा.

बॉस जीई-७ इक्वलायझर ही दोन्ही कामं करू शकतो, पण एका वेळी एकच. पुढे लावायचं असेल तर १०० हर्ट्झ ६ डेसिबेल खाली, २०० हर्ट्झ ३ खाली, ८०० हर्ट्झ ४ वर, लेव्हल ६ वर. लूपमध्ये असेल तर फक्त ८०० हर्ट्झ आणि लेव्हल थोडी वर. हिस्स मात्र ओव्हरड्राइव्हपेक्षा सहज ऐकू येईल इतकी असते.

बिघडतं कुठे

पेडल चालू करताच शिट्टी वाजली तर पहिली प्रीअॅम्प ट्यूब पेन्सिलने हलकेच टकटकवून बघा. टकटक स्पीकरमधून घणघणली तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, ती बदला. गुणगुण गिटार वळवल्यावर कमी-जास्त होत असेल तर ती पिकअपमधून येते. बारीक किरकिर येत असेल आणि एकाच अडॅप्टरवर डिजिटल पेडलही असेल, तर वेगळ्या आयसोलेटेड आउटपुटचा पॉवर सप्लाय हवा.

हिस्ससाठी बॉस एनएस-२ हे नॉइज गेटचं पेडल अशा प्रकारे जोडा: गिटार त्याच्या इनपुटला, त्याचा सेंड ओव्हरड्राइव्हला आणि तिथून अॅम्पच्या इनपुटला, अॅम्पचा सेंड एनएस-२च्या रिटर्नला, एनएस-२चं आउटपुट अॅम्पच्या रिटर्नला. गेट गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून उघडतं-मिटतं आणि प्रीअॅम्पचा आवाजही कापतं. तारांवर हात ठेवून हिस्स थांबेपर्यंतच थ्रेशोल्ड (गेट उघडण्याची पातळी) वाढवा. जास्त केलात तर लांबवलेले सूर शेवटी तुटतात. सोलोचा बूस्ट एनएस-२च्या आउटपुटनंतर, अॅम्पच्या रिटर्नआधी.

खरेदीआधी

रेक्टिफायरवाल्यांनी आधी मागचे स्विच बघावेत. रेक्टिफायरच्या स्विचवर ट्यूबऐवजी सिलिकॉन डायोड आणि पॉवरच्या स्विचवर स्पंजीऐवजी बोल्ड निवडलं, की खर्ज बराच आवळतो, फुकटात. त्यानंतरही रिफ ढिला वाटला तर एसडी-१ किंवा टीएस९ घ्या, आणि दोन्ही तक्रारी असतील तर पहिला पैसा याच पेडलवर घाला. मिड पुढे आले की गिटार बँडमध्ये आपोआप जास्त ऐकू येतं, आणि लूपमधल्या बूस्टची गरज पुष्कळदा उरत नाही. रिफ आधीच घट्ट असेल तर ओव्हरड्राइव्ह सोडा आणि थेट लूपसाठी क्लीन बूस्ट घ्या.